परतण्याला दुसरा शब्द

धैर्य म्हटले की मनश्चक्षूंसमोर एक शांत, निर्विकार मुद्रा उभी राहते. आमच्या दुभाषीबाईंचे धैर्य त्या जातीचे नव्हते. ते कपाळाला आठ्या घालून, जिभेवर चरफड वागवीत आसनावर बसे. पण उठत नसे. संताप गिळण्याहून, तो उसळत असताना हातातले काम नेटके करणे कठीण, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

सीमेवरच्या जुन्या जकात कचेरीत दोन वैरी शेजारी राज्यांची बोलणी चालत. महिन्याला एक फेरी होई. मी इतिवृत्त लिहीत असे. बाई आपल्या पक्षाचे म्हणणे पलीकडच्यांच्या भाषेत सांगत. पलीकडचे दुभाषी हे निवृत्त शिक्षक, म्हणून सारे त्यांना गुरुजी म्हणत. बाई वेलांटीचाही फरक खपवून घेत नसत, म्हणून त्यांचे नाव दोन्हीकडे ‘कानामात्रा’ पडले होते.

मसुद्यातील चौथे कलम सैन्यांनी आपापल्या तळांवर परतण्याचे. पाचवे, नातलगांसाठी सीमेचे फाटक उघडण्याचे. चौथे मान्य झाल्यावाचून पाचवे वाचायचेच नाही, असा दंडक होता. बाईंची थोरली बहीण पलीकडे दिलेली. नऊ वर्षांत भेट नव्हती, आणि तिची दृष्टी झपाट्याने मंदावत चालली होती. तिने पत्रात लिहवून घेतले होते, “लवकर ये गं. उशिरा आलीस तर आवाजावरनं ओळखावं लागेल.”

आणि घोडे अडले ते एका क्रियापदाशी. पलीकडच्या भाषेत ‘परतणे’ आणि ‘माघार घेणे’ या दोहोंना शब्द एकच. बाईंनी तो उच्चारला की पलीकडचे प्रमुख मेजावर थाप मारीत, “आमचे सैनिक पळपुटे नाहीत!” आमचे प्रमुख म्हणत, “मग आम्ही काय तुमचा शब्दकोश लिहून देऊ?” तीन फेऱ्या अशा वाया गेल्या. खुर्च्यांच्या उंचीवर एकमत झाले, पंख्याच्या वेगावरही झाले. शब्द जागचा हलेना.

चौथ्या फेरीतल्या चहाला व्हरांड्यात बाई कडाडल्या, “गुरुजी, तुमच्या भाषेला एक जास्तीचा शब्द जड झाला होता का हो?”

“तुमच्याकडे शब्दांचं पीक अमाप, पण करार कुठे झालाय?”

“ते राहू द्या. संध्याकाळी गुरं घरी येतात, तेव्हाही तुम्ही माघारच म्हणता?”

गुरुजींचा पेला ओठांपाशी थबकला. “छे छे! त्याला निराळा शब्द आहे. घराकडं वळणं, अशा अर्थाचा.”

“अहो, मग तीन महिने तो कुठल्या फडताळात ठेवला होता?”

“गुरांबद्दल कुणी विचारलंच नाही!”

दुभाष्याने स्वतःचे काही बोलू नये, असा नियम. शंका विचारण्याची मुभा मात्र होती. त्या मुभेच्या आधाराने बाईंनी तो शब्द बैठकीत मांडला. पलीकडचे प्रमुख गरजले, “आमचे सैनिक काय गुरं आहेत?” आमचे प्रमुख हसले, आणि ते हसणे निस्तरण्यात आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांतला एकेक टोमणा बाईंनी दात-ओठ खात, पण अचूक पलीकडे पोचवला. अखेरीस गुरुजींनी शंकेचे उत्तर म्हणून एवढेच सांगितले, की शेतावरून घरी येणाऱ्या बापालाही त्यांच्यात हाच शब्द वापरतात. त्यांचे प्रमुख मसुद्यावर वाकले. मग म्हणाले, “लिहा.”

फाटक उघडले त्या पहिल्या गुरुवारी बाई पलीकडे गेल्या. बहिणीला आता उजेड आणि आकृती तेवढी दिसत होती. तिने बाईंचा चेहरा खिडकीकडे फिरवला, अगदी जवळून न्याहाळला आणि फटकारले, “एका शब्दापायी एवढा उशीर? लहानपणी एका दमात शंभर बोलायचीस!”

“अगं, तेव्हा मध्ये प्रमुख नव्हते,” बाई म्हणाल्या.

बाई वारल्या त्याला सहा वर्षे झाली. दोन्ही भाषांतले भांडण लावणारे शब्द आणि त्यांचे पर्याय टिपलेली त्यांची वही कचेरीत आहे. नवे दुभाषी ती वापरतात. फाटक दर गुरुवारी उघडते.