रबरी रिंगेवरचा धागा

मंडळी, आज आमच्या विद्यापीठातलं प्लाझ्मा मशीन तीन दिवसांनी सुरू झालं.

सिलिकॉनच्या चकतीवर बारीक नक्षी कोरणारं हे एकच मशीन आम्ही सगळे वाटून वापरतो. ते चालायला आतली हवा पूर्ण काढावी लागते, पण ती कुठून तरी परत शिरत होती. आज सकाळचा नंबर पलूसच्या रेश्माचा होता, दुपारचा माझा. रेश्माला उद्या गाईडना नमुने दाखवायचेत, त्यामुळे ती रडकुंडीला आलेली.

आमचे टेक्निशियन पवारकाका फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी झाकणाखालची रबरी रिंग काढून उजेडात धरली.

"हितं बघा, धागा अडकलाय. पुसायच्या कापडाचा हाय."

मागच्या आठवड्यात झाकण मीच पुसलं होतं. तसं सांगून टाकलं.

"व्हतंय," काका म्हणाले. "आता नीट पुसून लावा."

रिंग बसली, हवा शिरायची थांबली आणि काचेतून प्लाझ्माचा जांभळा उजेड दिसला. तोवर रेश्माची वेळ संपली होती. मी तिला माझी दुपार देऊ केली.

ती हसली. "ताई, दोघींची सेटिंग एकच हाय की. नमुने बरोबरच ठेवू."

संध्याकाळी दोघींचे नमुने झकास निघाले. चूक कबूल केली, आता लय हलकं वाटतंय. तुम्हाला असं कुणी सांभाळून घेतलंय का?