पत्र्याच्या मोटारीला बैलगाडीचं वंगण

माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. तापीकाठची काळी जमीन, केळी, कापूस, दारात बैलजोडी, आणि असल्या घरचा थोरला मुलगा दुसऱ्याचा ट्रक घेऊन सुरतेहून धुळ्याकडे फेऱ्या मारतो, हे आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, शेवटपर्यंत पटलं नव्हतं. भाऊचं कारण साधं होतं. त्याला एका जागी बसवत नसे. मीही त्याच मातीचा, फक्त घर सोडायची धमक माझ्यात नव्हती.

विसरवाडीच्या पुढच्या घाटात त्याचा ट्रक उलटला आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना मला बाजूला घेऊन सांगितलं, याला उभा करा, चालवा. असाच बसून राहिला तर उरलेला पायही आखडेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. आबांनी गावच्या सुताराकडून सागाच्या कुबड्या करवून आणल्या. भाऊने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. कुबड्या दाराआड उभ्या राहिल्या आणि भाऊ ओट्यावरच्या खाटेवर बसून राहिला.

बसून राहिला म्हणतो खरा, पण ते बसणं नव्हतंच. त्याची बोटं दिवसभर खाटेच्या माच्यावर वाजत. डावा हात मध्येच पुढे जाऊन गिअर टाकल्यासारखा मागे येई. मांडीचा स्नायू दाबला जाई, नसलेल्या पायाने तो क्लच मारायचा. त्याला पाहून माझ्या अंगात किडे वळवळत. मी उगाच विहिरीकडे जाई, पाणी उपसायचं इंजिन चालूच असे, परत येई, परत जाई. त्या हिवाळ्यात मी कुठेही धड उभा राहिलो नाही.

आणि त्यात आबा आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण झालं असतं तर मिटलं असतं, पण अपघातानंतर आबांनी एका शब्दानेही त्याला बोल लावला नाही, आणि तेच भाऊला लागलं. दोघंही एकाच अंगणात, हाकेच्याही अलीकडे, आणि निरोप्या मी.

"त्याले सांग, जेवन थंड व्हई ऱ्हायनं," आबा बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणत.

"त्यास्ले सांग, मन्हं पोट भरेल शे," भाऊ आढ्याकडे बघून म्हणे.

मी काही सांगत नसे. दोघांनाही ऐकू गेलेलं असायचं. तरी दोघं माझ्याकडे बघत थांबायचे, मी तोंड उघडून सांगेपर्यंत. माझं डोकं अस्सं तापायचं, की दोघांना एका दोरीला बांधून विहिरीत सोडावं.

विसरवाडीला ट्रकमालकाकडे भाऊची वळकटी आणि पेटी पडून होती, ती आणायला मी गेलो. मालक माझ्या नजरेला नजर देत नव्हता. चहा पाजला, परत चहा पाजला, आणि मी निघालो तेव्हा कोपऱ्यातल्या अडगळीतून एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. आत पत्र्याची लाल मोटार होती, चांगली हातभर लांब, टपावर तारेची काडी. सोबत एक पत्र्याची डबी, तिलाही तशीच काडी आणि एक बटण. मुंबईहून मुलासाठी आणली होती म्हणाला, जपानी आहे, लांबून बटण दाबलं की वायर नाही, काही नाही, आपोआप चालायची. आता बिघडली. बघ तुला जमलं तर.

मला ती जमली पाहिजे, हे बसमध्येच माझ्या मनाने घेतलं. माझ्यासाठी नव्हे. ज्याच्या हातापायांना गाडी हवी आहे त्याच्या हातात ही डबी द्यायची, मग बघू कसा बसून राहतो. इतका सरळ हिशेब मी केला होता.

शहाद्याला रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. बोलघेवडे आणि रागीट. बाजारला गेलं की मी त्यांच्याकडेच बसायचो. त्यांनी मोटारीचं पोट उघडलं, बराच वेळ नाक खुपसून बसले आणि म्हणाले, "हाई रेडिओ नई शे रे भो. हाऊ रेडिओना पोऱ्या शे. आनि पोऱ्या मुका शे."

तीन बाजार आम्ही तिच्यावर वाद घातला. मर्म निघालं ते एका काचेच्या नळीत. नळीत धातूची भुकटी असते. डबीचं बटण दाबलं की डबीत ठिणगी पडते, ती हवेतून या भुकटीला कळते, भुकटीचे कण एकमेकांना धरतात आणि वीज पुढे जाते. मग एक इवलीशी हातोडी नळीला टिचकी मारते, कण परत मोकळे होतात, पुढच्या ठिणगीची वाट बघतात. आमच्या नळीतली भुकटी गंजून गोळा झाली होती. चाचांनी लोहाराकडचा लोखंडाचा कीस भरून पाहिला, त्याने ऐकलं नाही. ते लोहाराला शिव्या घालत बसले. मी घरी येऊन बंद झालेला जुना निकेलचा आणा कानशीवर घासला, तो चुरा नळीत भरला, टॉर्चचे नवे सेल घातले आणि बटण दाबलं. मोटार माझ्या मांडीवरून उडी मारून चुलीकडे निघाली. मायने लाटणं उगारलं.

ती चालवणं हे वेगळंच प्रकरण होतं. बटण एकच. एकदा दाबलं की डावीकडे, परत दाबलं की सरळ, मग उजवीकडे, मग सरळ, मग थांबायचं, की पुन्हा डावीकडून सुरू. उजवीकडे वळायचं असेल तर आधी डावीकडे जाऊन यायला लागे. शिवाय अंगणाच्या टोकाला गेली की ती ऐकेनाशी होई, शेवटचा हुकूम धरून तशीच जात राही आणि मला पळत जाऊन पकडावी लागे. सारवलेल्या अंगणात मी तिच्यापाठोपाठ वेड्यासारखा धावायचो. माझा क्रम चुकायचा. मोटार गोठ्यात, मोटार तुळशीपाशी, मोटार कापसाच्या ढिगात.

मी डबी भाऊपुढे धरली. त्याने हात मागे घेतला.

"पोऱ्यास्ना खेय," म्हणाला, मी खुळखुळा पुढे केल्यासारखा.

माझा जीव खट्टू झाला, पण मी हट्टाला पेटलो. रोज संध्याकाळी त्याच्या खाटेसमोरच चालवायची. चुकायचो, ठेचकाळायचो, चाकं कुरकुरायची, शेजारच्या बायका कुडावरून हसायच्या. एकदा तालुक्याच्या साहेबांची जीप गल्लीतून गेली आणि मोटार कुणी हात न लावता कोनाड्यातून खाली पडून फिरायला लागली. मायने घाईघाईने मीठ-मिरच्या आणल्या, मोटारीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मी खोकत खोकत मोटार धरून बसलो होतो, तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"पेट्रोलनी जीप शे. प्लगनी ठिणगी."

भाऊ इतकंच बोलला आणि कूस बदलली. पण त्यानंतर माझं लक्ष मोटारीपेक्षा त्याच्याकडे जास्त. मी बटण दाबायच्या आधी त्याचे ओठ हलायचे. "आते डावीकडे वयी," तो स्वतःशीच पुटपुटायचा, आणि ती डावीकडेच वळायची. क्रम त्याला पाठ झाला होता. मी मुद्दाम चुकायला लागलो. त्याची बोटं माच्यावर जास्त जोरात वाजायची, जबडा आवळायचा, पण डबी मागायला तो तयार नव्हता. एवढा जीव तगमगतो आहे आणि हात पुढे येत नाही, हे बघून मला रडू यायचं आणि त्याच दमात त्याच्या कानफटात द्यावीशी वाटायची. दिवस असे चालले होते. धुळ्याला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या उरलेल्या पायाचा गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग एके सकाळी मी कोनाड्यातून मोटार काढली, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. उलटी करून पाहतो तर पोटभर काळं वंगण. बैलगाडीखाली बांबूचं नळकं टांगलेलं असतं, त्यातलं, एरंडेल आणि काजळीचं, दाट. चाकांना लावलेलं, आसांना लावलेलं, आणि झाकण उघडं होतं म्हणून आतल्या बारीक दात्यांवर, हातोडीवर, सगळीकडे प्रेमाने भरलेलं.

आबा केळीचे घड लादून शहाद्याला निघायच्या तयारीत होते. मी मोटार घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि आवाज चढवला. "आबा, काय करं हाई?"

"चाके कोरडी व्हतात," आबा म्हणाले. "रोज आयकी ऱ्हायंतू. कोरडं चाक रडस."

रोज ऐकत होते. म्हणजे गोठ्यात पाठ करून बसलेला हा माणूस रोज संध्याकाळी त्या खेळण्याचा आवाज ऐकत होता, आणि पहाटे उठून आधी स्वतःच्या गाडीला वंगण दिलं, मग तोच हात घेऊन घरात आला. जन्मभर बैलगाडी चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार होतं? पण मला त्या वेळी हे कळत असूनही राग आवरत नव्हता. मी म्हणालो, वाट लावली तुम्ही, आता ही कधीच चालणार नाही. मनगटापर्यंत काळा झालेला हात आबांनी धोतराच्या मागे नेला. बैल जुंपलेले होते, तरी ते गाडीवर चढले नाहीत.

"आठे लयी ये," भाऊ खाटेवरून म्हणाला.

मला आधी कळलंच नाही, तो कशाबद्दल बोलतोय.

"मोटार लयी ये. घासलेट लयी ये. आनि जुनं फडकं."

मी सगळं आणून दिलं. त्याने मोटार मांडीवर घेतली आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही. कोंबडीच्या पिसाने वंगण पुसलं, दात्यांमधलं बाभळीच्या काट्याने कोरून काढलं, एकेक चाक घासलेटात फिरवलं. मी मध्ये हात घातला तर हात झटकला. मायने भाकरी आणून ठेवली, तिच्यावर माश्या बसल्या. आबांनी घड दुसऱ्याच्या गाडीतून पाठवून दिले आणि स्वतः जूच्या शिवळा, बैलाच्या मानेशेजारच्या त्या खुंट्या, बसवत राहिले. शिवळा जागच्या जागी होत्या, ते काढत होते आणि परत बसवत होते. भाऊची बोटं कामात होती, त्यामुळे माचा वाजत नव्हता, आणि त्या शांततेत मला आणखीच चैन पडेना. मी अंगणात येरझारा घालत राहिलो. शेवटी भाऊ म्हणाला, "एक जागे बठ रे." हे तो मला सांगत होता.

ऊन उतरल्यावर त्याने मोटार माझ्याकडे दिली, खाली ठेव म्हणाला, आणि डबी स्वतःच्या हातात ठेवली.

त्याने बटण दाबलं. मोटार कुरकुर न करता निघाली. डावीकडे, सरळ, उजवीकडे, तुळशीला वळसा, गोठ्याच्या खांबामधून पलीकडे. एकही चूक नाही. मायचा पदर तोंडाशी गेला होता. भाऊ हसला नाही. घाटात असायचा तसा त्याचा चेहरा झाला असावा, मी तो कधी पाहिला नव्हता.

मग त्याने तिला अंगणाच्या तोंडाशी नेलं, जिथून आमच्या बैलगाडीची वाट केळीच्या मळ्याकडे उतरते. मोटार वाटेवरच्या चाकोरीत उतरली. चाकोरी खोल, धूळ मऊ, मोटार तिच्यात अंगाबरोबर बसली आणि जायला लागली. भाऊने बटण दाबलं. परत दाबलं. ती हद्दीबाहेर गेली होती.

मी धावायला पाऊल उचललं.

"तू थांब," भाऊ ओरडला.

तो खाटेच्या कडेला आला होता. हात माच्यावर, उजवा पाय जमिनीवर, नजर त्या लाल ठिपक्यावर. आबा माझ्या शेजारून आत गेले, दाराआडच्या कुबड्या काढल्या आणि खाटेला टेकवून उभ्या केल्या. "त्याले सांग" असं काही ते म्हणाले नाहीत. भाऊने कुबड्या काखेत घातल्या. पहिल्याच पावलाला कलला. आबांनी हात पुढे केले, पण शिवले नाहीत, आणि उतारावर भरल्या गाडीसोबत चालतात तसे एक हात पुढे ठेवून त्याच्या बाजूने चालत राहिले. मी मागून. माझे पाय मी कसे आवरले, माझं मला माहीत.

मोटार आम्हाला थांबून राहिलेली सापडली ती केळीच्या पाटाशी. चाकोरी तिथे पाटात उतरते. नाक चिखलात रुतलेलं, मागची चाकं गरगरत होती. भाऊ तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. सदरा घामाने भिजला होता, श्वास लागला होता. वाकता येत नव्हतं, वाकला असता तर पडला असता. मी अगदी जवळ होतो. मी हात पुढे केलाही.

"आबा," भाऊ म्हणाला, "तेवढी मोटार उचला."

आबांनी वाकून ती दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली. चाकं फिरतच होती, त्यांच्या सदऱ्यावर चिखल उडत होता.

"हाई बंद कशी करतस?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, त्याला.

भाऊने त्यांना टपाखालची खिट्टी दाखवली.