नियम सगळ्यांना एकच

एबेन क्रीकचं विद्यापीठ म्हणजे आर्लीनचं माहेरच. तिच्या वडिलांनी, पाद्री टूलींनी, इंडियानातल्या त्या गावी मक्याच्या रिकाम्या कोठारात पोरं जमवून बायबल शिकवायला सुरुवात केली. पुढे जावई मर्ल फेन्स्टर अध्यक्ष झाला आणि कोठाराचं विद्यापीठ झालं. मर्ल शब्दाचा पक्का. दारू, पत्ते, नाच बंद; पहिल्याच चुकीला घरी रवानगी. आईबाप त्याच्या भरवशावर पोरं पाठवत.

सदुसष्ट साली पानगळीत त्याचाच एकुलता एक मुलगा, तिथंच शिकणारा डेल, शेजारगावच्या गुत्त्यातून बिअर पिऊन निघताना सापडला.

मुख्य विश्वस्त गस हॅफनर स्वतः घरी आले. "मर्ल, पोर आहे. चार शब्द सुनाव आणि सोडून दे. कोण बघतंय?"

"देव बघतोय," मर्ल म्हणाला. "मागे त्या विधवेच्या पोराला काढलं, तेव्हा नाही आलास रदबदली करायला."

गस गेल्यावर आर्लीननं नवऱ्याचा हात धरला. "अहो, शिक्षण सुटलं की सैन्याचं बोलावणं येईल. थेट व्हिएतनाम. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"त्या विधवेला तोंड कसं दाखवू?"

मर्लनं डेलचं नाव काढलं आणि सैन्याचं बोलावणं आलंच. निघताना डेलनं आईला हसवायला बघितलं. "रडू नकोस गं. तुझा करपलेला मीटलोफ पचवलाय मी, सैन्यातलं जेवण काय चीज आहे!"

वर्षभरातच त्याची शवपेटी आली.

प्रार्थना मर्लनंच चालवली. आवाज जराही कापला नाही. लोक म्हणाले, काय ही श्रद्धा! घरी आल्यावर आर्लीन एवढंच म्हणाली, "आजच्या दिवस नुसता बाप झाला असतात तर?" मर्ल कोट न काढताच जिन्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. ती जवळ गेली नाही. तिला जाववलंच नाही.

त्या हिवाळ्यात दोन पोरं व्हिस्कीसकट पकडली गेली. मर्लनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "खोलीवर जा," म्हणाला, "आणि पुन्हा असं करू नका रे."

बोभाटा झाला. गस पुन्हा दारात. "नियम सगळ्यांना एकच, हे तूच शिकवलंस ना आम्हाला?"

"चुकीचं शिकवलं," मर्ल म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं अध्यक्षपद सोडलं.

मग दोघं गावाबाहेर लहानशा घरात राहिली. आर्लीन त्याचे मोजे रफू करी, सूप करून वाढी; डेलचं नाव मात्र दोघांच्याही ओठांवर येत नसे. सहा वर्षांनी एका सकाळी मर्ल उठलाच नाही.

गस टोपी हातात घेऊन आले. "वहिनी, विश्वस्तांची इच्छा आहे, मर्लला विद्यापीठाच्या आवारात, टूलीसाहेबांच्या कबरीशेजारी ठेवावं. मान आहे त्याचा."

"नको," आर्लीन म्हणाली. "त्यांना डेलपाशी ठेवा. बापलेकांचं बरंच बोलायचं राहिलंय."

तसंच केलं. गसनंही खांदा दिला. माती लोटून सगळे पांगले, तेव्हा आर्लीन दोन्ही कबरींच्या मध्ये गवतावर टेकली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.