आडवी रेघ

फॉर्मकाकांच्या टेबलाला तीन पाय लाकडाचे होते आणि चौथा विटांचा. पासपोर्ट ऑफिसच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला टेकून ते टेबल तीस वर्षं उभं होतं. वर डिंकाची बाटली, स्टेपलर, फोटो कापायची कात्री आणि काळ्या शाईची चार पेनं. निळ्या शाईशी काकांचं वैर होतं. कोणी निळ्या पेनाने अर्धा फॉर्म भरून आणला, की काका तो दोन बोटांच्या चिमटीत धरून परत करायचे आणि म्हणायचे, "नवा घेऊन या. याच्यावर आता फार तर किराणा लिहा."

काकांचे नियम दोनच. पहिला, विचारलं तेवढंच सांगा. दुसरा, रकाना मोकळा सोडू नका. लिहायला काही नसेल तर आडवी रेघ मारा. मोकळ्या रकान्यात उद्या कोणीही काहीही लिहील, रेघेवर कोणी लिहीत नाही.

फॉर्म भरून झाला की काका गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे, भुवया चढवायचे आणि परक्या विमानतळावरचे साहेब व्हायचे.

"कशासाठी आलात?"

"लेकीकडे आलेय हो. तिला दिवस गेलेत, सासू करत नाही तिचं काही, आणि जावई तर..."

"थांबा! जावयाचं विचारलं कोणी? लेकीला भेटायला आले. संपलं. तोंड बंद."

बायाबापड्या घाम पुसत हसायच्या, आणि तिकडून फोन यायचा, काका, तुम्ही विचारलंत तेच विचारलं हो त्याने, अगदी तसंच. काकांची मान ताठ व्हायची. स्वतः मात्र ते कधी विमानात बसले नव्हते. पोहायला शिकवणाऱ्याने कोरड्या कपड्यांत काठावर उभं राहावं, तसं त्यांचं चाललेलं.

एकदा एक माणूस आला. त्याच्या थोरल्या भावाशी त्याचं बिनसलं होतं आणि फॉर्मात भावाची सगळी माहिती हवी होती. काकांनी मिनिटभर विचार केला. "हयात लिहिलं तर दहा कागद मागतील. कुठे असतो, काय करतो, त्याला कोण पोसतं. मयत लिहा. मेलेल्या माणसाचं कोणी काही विचारत नाही." फाईल पास झाली. तो माणूस पाया पडून गेला. त्या वेळी काकू डबा घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, चांगल्या धडधाकट माणसाला असं मारता कसे हो तुम्ही?"

"अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. शंभरी गाठेल तो भाऊ. उपकारच केले मी त्याच्यावर."

काकू हसल्या नाहीत. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला त्यांचा मुलगा मात्र खो खो हसला.

तेव्हा तो पदवीधर होऊन घरी बसलेला होता. फॉर्म कॉम्प्युटरवर आले तसं काकांनी त्याला शेजारी खुर्ची दिली. दोन वर्षांत पोरगा बापाच्या वर गेला. कुठला रकाना वाकतो, कुठला वाकत नाही, सगळं त्याच्या बोटांत आलं. मग एक दिवस त्याने स्वतःचा फॉर्म भरला. काकांनी मोठ्या कौतुकाने तो तपासायला मागितला, तर म्हणाला, "झालंय बाबा, पाठवून पण दिला." काकांनी त्यातही कौतुकच मानलं. पोरगं आपल्यावर गेलंय!

तो परदेशी गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तिकडेच त्याने लग्न केलं, मुलगी झाली, ती पाच वर्षांची झाली. दर रविवारी सकाळी दहाला फोन यायचा. काकू साडेनऊपासून केस विंचरून, पदर नीट करून भिंतीला पाठ टेकून बसायच्या, कारण त्या भिंतीपाशी चेहरा स्पष्ट दिसतो असं मुलानेच सांगितलेलं. नात पडद्यावर यायची, हात हलवायची, पळून जायची. "कधी बोलावतोस रे?" काकू विचारायच्या. "अजून नको आई. इथे राहण्याची फाईल चालू आहे. मध्येच तुम्ही आलात तर अडकेल." काकू फोन ठेवून काकांकडे बघायच्या. काका सांगायचे, "बरोबर आहे त्याचं. फाईल म्हणजे उतू जाणारं दूध असतं, नजर हटवून चालत नाही." मुलाचं वकीलपत्र त्यांनी असं आठ वर्षं चालवलं.

काकू दर वर्षी नातीसाठी एक स्वेटर विणायच्या. माप अंदाजाने. पाठवायचा म्हटलं की मुलगा म्हणायचा, पत्ता बदलतोय, थांब. पाच स्वेटर कपाटात एकावर एक बसले. पाचवा पुरा झाला आणि पंधरा दिवसांत काकू गेल्या. मुलगा आला नाही. फाईल.

वर्ष सरलं आणि काकांनी मनाशी ठरवलं. जायचं. पोराला न सांगता, थेट दारात उभं राहायचं. पत्ता त्यांनी एकदा फोनवरच्या बोलण्यातून टिपून घेतला होता. सांगितलं असतं तर पुन्हा 'नको' आलं असतं, आणि आता 'नको'ची बाजू जिला समजावून सांगायची ती घरात उरली नव्हती. पर्यटक म्हणून फॉर्म भरला. 'त्या देशात कोणी नातेवाईक?' या रकान्यापाशी पेन अडखळलं. 'आहे' लिहिलं की पोराची चौकशी, पोराची फाईल, पुन्हा दहा कागद. काकांनी 'नाही' लिहिलं. धंद्यातला माणूस धंद्यासारखाच वागला.

विमान सकाळी उतरलं. काका पिवळ्या पट्ट्यामागे रांगेत उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावलेली, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, वरून खाली त्याच क्रमाने ज्या क्रमाने मागितले जातात. काचेमागचा अधिकारी त्यांच्या मुलापेक्षा लहान असावा.

"कशासाठी?"

"पर्यटन."

"किती दिवस?"

"बारा."

"कोणी नातेवाईक इथे?"

"नाही."

प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर तयार. अधिकाऱ्याने मान वर केली. तीस वर्षांत काकांनी शेकडो लोकांना पढवलं होतं, पण फार चांगलं पाठ केलेलं उत्तरही खटकतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. काचेच्या या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते ना! "एकटेच? या वयात? काय बघणार इथे?" काकांनी एक संग्रहालय सांगितलं आणि एक पूल. "पुलाचं काय बघायचंय?" या प्रश्नाचं उत्तर काकांच्या कुठल्याच फॉर्मात नव्हतं. अधिकाऱ्याने पासपोर्ट बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातल्या दाराकडे बोट केलं.

आत बिनखिडकीची खोली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या. दोन तास काका तिथे बसले. मग एक वयस्क अधिकारी बाई आल्या, त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून काकांची भाषा बोलणारी एक मुलगी. बॅग टेबलावर उघडली गेली. दोन शर्ट, औषधं, टॉवेल. त्याखाली पाच स्वेटर. बाईंनी ते एकेक करून मांडले. पहिला तळहाताएवढा, पाचवा शाळेत जाणाऱ्या पोरीचा.

"बाई विचारताहेत, हे कोणाचे?" दुभाषी म्हणाली.

"भेट द्यायला."

"पण इथे तर तुमचं कोणी नाही."

बाईंनी बॅगेच्या कप्प्यातून छोटी डायरी काढली. पानं उलटली. या देशातला एकच नंबर होता, आणि त्यापुढे काकांच्याच आडनावाचा माणूस. बाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या घंटेला मुलाने उचलला. कामावर असावा, मागे यंत्राची घरघर होती. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, समोर एक वृद्ध गृहस्थ आहेत, तुमच्याच आडनावाचे, ते तुमचे वडील का, असं विचारलं. काका पुढे वाकले. फुकट गेली ती गंमत, त्यांना वाटलं, दारात उभं राहायचं होतं. पण हरकत नाही, आता पोरगा येईल धावत, रागावेल, म्हणेल, बाबा, सांगायचं नाही का.

मुलगा तिकडच्या भाषेत बोलला. काकांना ती पाठ केलेल्या उत्तरांपलीकडे बोलता येत नव्हती, पण तिच्यातले फॉर्म त्यांनी तीस वर्षं भरले होते. 'वडील' हा शब्द त्यांना कळला. त्यानंतरचाही कळला. तो त्यांनी हाताने कितीदा तरी लिहिला होता, कानाने पहिल्यांदा ऐकला. मयत.

पुढचं दुभाषीने सांगितलं. तिचा आवाज उतरला होता. "ते म्हणताहेत, त्यांचे वडील नऊ वर्षांपूर्वीच वारले. त्यांच्या फाईलमध्ये आहे म्हणे, बघून घ्या."

"अरे!" काका फोनवर ओणवे झाले. "अरे बाळा, मी बोलतोय! मी आलोय!"

पलीकडे बोलणं थांबलं. यंत्राची घरघर तेवढी येत राहिली. त्याने ओळखलं, काकांना पक्कं कळलं. झोपेतही ओळखेल तो हा आवाज. या आवाजाने त्याला पाढे शिकवले होते, तापात रात्र रात्र थोपटलं होतं. काका वाट बघत राहिले. मग तो बोलला, अगदी सावकाश, एकही शब्द जास्तीचा नाही. विचारलं तेवढंच.

"म्हणताहेत, मी या माणसाला ओळखत नाही," दुभाषी म्हणाली, काकांकडे न बघता.

फोन बंद झाला. गुरूची विद्या गुरूला, हे काकांनी दुसऱ्यांच्या बाबतीत किती चवीने म्हटलं होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज समजलं. कापणारा हात आपणच घडवलेला, मग ओरडायचं तरी कोणासमोर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. संताप असा वर आला की त्यांना समोरचं दिसेना. आठ वर्षं! आठ वर्षं मी याची वकिली केली, हिची समजूत काढली, आणि याने जाण्याआधीच मला पोचवून ठेवलं होतं!

परत पाठवण्याचा फॉर्म समोर आला. अधिकारी बाईंनी एका रकान्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलल्या. दुभाषीने हळू सांगितलं, "इथे अपत्यांची नावं लिहायची. बाई म्हणताहेत, तुम्ही खरं लिहिलंत तर त्या त्याची फाईल पुन्हा उघडतील. तो खोटं बोलला असेल तर त्याला इथे राहता येणार नाही."

काकांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक नाव, आणि पोरगा आठ दिवसांत पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे. बायको, पोर, नोकरी, सगळं. काकांनी पेन घेतलं. निळं होतं. त्यांनी नावाचं पहिलं अक्षर मनात लिहून पाहिलं. मग दुसरा शब्द मनात आला, त्याने वापरला तोच. तोही लिहिता आला असता, कागद काय, काहीही सोसतो. पण जिवंत पोराच्या नावापुढे तो शब्द लिहायला हात धजेना. पोराला जमलं ते बापाला जमलं नाही, आणि याचाही त्यांना राग आला.

शेवटी रकान्यात त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ मारली. सही केली. स्वेटर त्यांनी स्वतःच घड्या घालून परत भरले, लहान वर, मोठा खाली.

ते गुरुवारी घरी पोचले. शेजाऱ्यांना सांगितलं, हवा मानवली नाही. टेबल मांडायला गेले नाहीत. रविवारी दहा वाजता फोन वाजला. काका भिंतीपाशी बसले होते, का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी उचलला. आज चित्र नव्हतं, नुसता आवाज.

"बाबा." मग दार लावल्याचा आवाज. "बाबा, तुम्ही तिथे काही लिहून नाही ना दिलंत?"

पोचलात का, ते नाही. जेवलात का, तेही नाही. लिहून नाही ना दिलंत.

"रेघ मारली," काका म्हणाले. "तुला काही होणार नाही."

तिकडून सुटकेचा श्वास ऐकू आला, अगदी स्पष्ट. "बाबा, तुम्ही तरी समजून घ्याल. हयात लिहिलं असतं तर दहा कागद मागितले असते. तुम्हीच म्हणायचात ना... आणि असं अचानक यायचं नव्हतंत. मी काय करणार होतो?"

काका ऐकत होते. त्यांची नजर समोरच्या खिळ्याकडे होती, ज्याला काकूंचा कंगवा अजून लटकत होता. साडेनऊला त्या उठून तो घ्यायच्या.

"एक सांग," ते म्हणाले. "वडिलांच्या खालचा रकाना आईचा असतो. त्यात काय लिहिलंस?"

उत्तर आलं नाही. काकांनी थांबून पाहिलं. फॉर्म भरणाऱ्या माणसाला मोकळ्या रकान्याचा अर्थ कळतो. आईच्या नावापुढेही तोच शब्द होता.

"आठ वर्षं ती इथे केस विंचरून बसायची रे," काका म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी तो कंगवा खिळ्यावरून काढून कपाटात, स्वेटरांपाशी ठेवला.