लाडवाचं सांगायचं राहिलं

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी टाकत होते. तव्यावरची उलटली, शेकली, मग खाली बसले. तो माझा धाकटा भाऊ, नागपूरच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकवायचा. आता महिना होत आला. जो तो म्हणतो, देवमाणूस होता. देवमाणूस नव्हता. चांगला होता… आणि भित्रा होता.

लहान मुलांच्या दुधात घालायची एक गोड पावडर त्याने तपासली होती. खर्च पावडर विकणाऱ्या कंपनीचा. "पैसा त्यायचा, अक्का, पण तपासणी माही," तो म्हणाला. मी म्हटलं, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या वरणातला खडा कोणी दाखवते का?" तो हसला. "चौथी शिकली तू, तुले काय समजते?" "मीठ समजते." पुढे एकदा जेवताना त्याने आपणहून सांगितलं. तपासणीत पावडरीऐवजी शेंगदाण्याचा लाडू दिलेली पोरंही पावडरवाल्यांएवढीच वाढली होती. लाडवाचं कंपनीने छापू दिलं नाही. पावडरीचं छापलं, त्याच्या नावासकट. एवढं बोलून त्याने अर्ध्या जेवणावर हात धुतला.

इथे सेलूत माझ्या शेजारची सुनंदा निंदणाला जाते. तिने पोरीची अंडी बंद करून ती पावडर सुरू केली. डबा महाग, म्हणून चिमूटभरच घालायची; पोरगी वाळत चालली होती. मी तिला लाडवाचं सांगितलं, तर म्हणते, "मंग सर सोता काऊन नाई सांगत, मावशी?" खरंच होतं. मी मधूला बोलावून घेतलं आणि शाळेत बायकांच्या सभेत उभं केलं. तो हात धुण्यावर बोलला, पालेभाज्यांवर बोलला… आणि खाली बसला. सुनंदा पुढेच बसली होती. घरी येताना म्हणाला, "आमची प्रयोगशाळा त्यायच्याच पैशावर चालते, अक्का. माह्या हाताखालच्या पोरायनं कुठं जावं?"

"अन् सुनंदाच्या पोरीनं?"

चहा न घेता गेला. ती शेवटची भेट.

परवा किराणा दुकानात गेले. गल्ल्याजवळ पावडरीच्या जाहिरातीचा पुठ्ठा उभा, त्यावर मधूचा फोटो. दुकानदाराने फोटोला हार घातलेला. म्हणाला, "सर आले का हा पुठ्ठा भिंतीकडं फिरवून देत. मले वाटे, लाजतेत."

मी हार काढला, पुठ्ठा भिंतीकडे फिरवला आणि तिथल्या बायकांना लाडवाचं सगळं मोठ्याने सांगितलं.

"माणूस गेला, आजी. आता काऊन बदनाम करता?" दुकानदार म्हणाला, आणि त्याने पुठ्ठा सरळ केला.