भैरूमामांची कातर

खुटबावात भैरू कोळप्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यात सख्खे भाचे दोन-चारच. त्यांच्या वडलांपर्यंत, म्हणजे रखमाजी आबांपर्यंत, घरात मेंढरं होती. मामांनी ती विकली, दीड एकराला पाणी आणलं आणि शिरूरकडच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या कंपनीत लागले. त्याला चौदा वर्षं झाली. रोज चौफुल्याहून कंपनीची बस धरायची आणि न्हावऱ्यावरून पुढे. चौदा वर्षांत बस एकदाही चुकली नाही, असं ते सांगतात. सवितामामी म्हणते, दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा खापर माझ्या डब्यावर फुटलं.

शेजारची प्रगती पुण्यात डिझाइनच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आता डिझाइन शिकायचं म्हणजे नुसती चित्रं काढून भागत नाही. वस्तू बनते कशी, ते कारखान्यात जाऊन बघावं लागतं, आणि आल्यावर त्याचा रिपोर्ट लिहावा लागतो. या वर्षी सरांनी नेमकी मामांचीच कंपनी ठरवली. उसनी हेल्मेटं घातलेली तीस पोरं-पोरी मशीनमधून वाट काढत निघाली आणि दिसेल त्याला सुंदर म्हणत सुटली. उकाड्याने घामाघूम झालेल्या कामगारांना त्यातलं सुंदर काय ते कळेना.

मशीनचा साचा मिटायचा, उघडायचा, आणि कूलरचं एक गरम झाकण बाहेर पडायचं. झाकणाच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक चिकटलेलं असायचं. ते कापायला कंपनी ब्लेडची सुरी देते. प्रगतीने पाहिलं, जवळजवळ प्रत्येक मशीनवरच्या माणसाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. सात नंबरवर मामा उभे होते आणि त्यांचा अंगठा साफ होता. त्यांच्या हातात एकच लोखंडी पट्टी वाकवून केलेली, दोन पात्यांची कातर होती. बाकी पोरांना ते काहीतरी जुनं हत्यार वाटलं असतं. प्रगतीने ते झोपेतही ओळखलं असतं. मेंढरांची लोकर कातरायची तसलीच कातर तिच्याही घरी होती.

मामांनी तिला पाहिलं, जरासे हसले आणि कातर हळूच फडक्याखाली सरकवली. ते सरकवणं तिने नीट पाहिलं. मला कुठं माहीत होतं, असं म्हणायची सोय तिला तिथेच उरली नाही.

त्या रविवारी ती मामांच्या घरी गेली. मामांना तर कुणी विचारायचाच अवकाश होता.

"ब्लेड वढायला गेलं की अंगठा मधी येतो," ते म्हणाले. "कातर वढत न्हाई, चावती. एका दाबात तुकडा खाली. आबांची हाय ही. पात्याला जरा बाक दिला म्या, झाकणाच्या कडंला बसंल असा. फकस्त बाहेरचं हत्यार आत न्यायला बंदी हाय, तवा डब्याच्या पिशवीतनं नेतो. ही आपल्यातली गंमत."

प्रगतीने हाताचे आणि कातरीचे फोटो काढले. रिपोर्ट लिहायला बसली तेव्हा हात थांबेना. मेंढपाळाचं हत्यार कारखान्यात कसं आलं, पात्याचा बाक किती, अंगठा कसा वाचतो, सगळं लिहिलं. पिशवीचंही लिहिलं, कारण त्याने गोष्ट रंगत होती. सरांनी वर्गात वाचून दाखवला. मुंबईच्या पोरी येऊन तिच्याशी बोलल्या, ज्या दोन वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. मग सरांनी विचारलं, "कंपनीला आभार म्हणून एक प्रत पाठवू ना?" तिला फडकं आठवलं. तरी ती हो म्हणाली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी तिला कौतुकाशिवाय दुसरं काही नको होतं.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. गेटवर मामांची पिशवी तपासली होती. कातर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जमा, मामा मशीनवरून लोडिंगला. आता दिवसभर खोकी उचलून ट्रकमध्ये भरायची, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

पुढचे दोन रविवार प्रगती डेमू लोकलने गावी आली, पण मामांच्या दाराकडे फिरकली नाही. अभ्यास आहे, डोकं दुखतंय, असली थापेबाजी आईपाशी केली. तिसऱ्या रविवारी मात्र तिला स्वतःचीच किळस आली आणि ती गेली.

मामा पडवीत पालथे पडले होते आणि मामी त्यांच्या कमरेला बाम चोळत होती. प्रगती उंबऱ्याशीच बसली.

"मामा, कातरीचं मीच लिहिलं होतं. तुम्ही लपवताय हे दिसत असून लिहिलं. कंपनीला पाठवू का विचारलं, तेव्हाही मीच हो म्हणाले."

मामीचा हात थांबला. मामा सावकाश उठून बसले.

"ठावं हाय मला. साहेबानं वहीच पुढं ठिवली. फोटूत माझाच हात. न्हाई कसं म्हणणार?"

"मी कंपनीत लिहून देते, चूक माझी होती म्हणून."

"त्यांनी चूक कातरीची धरलीया. तुझी कोण धरतंय?" त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं. "पयल्या दिशी लय राग आला. आता कंबर दुखाया लागली की येतो."

तिला रडू आलं, पण इथे आपण रडायचं म्हणजे त्यांनाच समजूत घालायला लावायचं, हे कळून तिने ते गिळलं.

मग मामांनी जरा लाजतच विचारलं, "वही सगळी इंग्रजीत. साहेबानं थोडं वाचून सांगितलं. म्हणला, तुझ्यावर कारवाई करावी लागंल, पर ह्यात लिवलंय की माणसानं लय डोकं चालवलंय. तवा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तर एक इचारायचं व्हतं. त्यात माझं नाव कुठं घातलंस?"

प्रगतीने खाली पाहिलं. "नाव नाही मामा. सात नंबरचा ऑपरेटर, एवढंच आहे."

"बरं," मामा म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "आन् आबांचं?"

तिने नुसती नाही म्हणून मान हलवली. सगळ्या रिपोर्टात नाव एकच होतं, पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, तिचं स्वतःचं.