पाभरीच्या दांडीची गिटार

तर छगनला डॉक्टरनं क्लॅरिनेट फुंकायची बंदी घातली, इथवर काल आलो होतो. छगन म्हणजे आमच्या सोनईच्या बँडातला क्लॅरिनेटवाला. एरवी तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. त्याच बँडात मी खुळखुळा वाजवायचो. खुळखुळ्याला काही शिकावं लागत नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

नगरला त्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं होतं. पुन्हा फुंकलंस तर टाके उसवतील, असं डॉक्टरनं बजावलं. जड उचलायचं नाही, म्हणजे ढोलही गेला. बँडाचे मालक काकासाहेब, त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, स्वतः ट्रंपेट वाजवायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना बँड चालवायचा होता. ते छगनला भेटायला आले, चहा प्याले आणि उठता उठता म्हणाले, “छगन, नेवाशाचा एक क्लॅरिनेटवाला बगून ठिवलाय. लग्नसराईला त्याला घ्यावा लागंल. तुजा बँडचा कोट त्याला बसंल असं वाटतंय.”

“बसंल की,” छगन म्हणाला. “पर लग्नसराईला अजून येळ हाय. तवर कोट ऱ्हाऊ द्या खुंटीला.”

साल दुष्काळाचं. विहिरीत पाणी नाही, मोटार चालत नाही, मग जळणार कशी? दुकान बंदच. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, तेही ह्याला मना. बायको बनुबाई नालाबांधाच्या कामावर जायची आणि हा ओट्यावर बसून तिची वाट बघायचा. बँड सुटला असता तर ह्या माणसानं करायचं काय, हे त्यालाही कळत नव्हतं आणि आम्हालाही.

टाके दाखवायला तो पुन्हा नगरला गेला. तिथं एका मांडवात ऑर्केस्ट्राची जुळवाजुळव चालली होती. हा आपला कनातीला धरून उभा. एक पोरगा तोंडात पान धरून लाइटवरची गिटार वाजवत होता. छगनची नजर गिटारवर नव्हती, पानावर होती. दुसऱ्या दिवशी पारावर त्यानं आम्हाला सांगितलं, “तोंडात पान ठिवून जे वाजतं, ते आपलं वाद्य.”

त्यानं त्या पोराकडून गिटार उलटीपालटी करून बघितली होती. तारांखाली लोहचुंबक, त्याभोवती केसासारखी तांब्याची तार. “आपली मोटारच हाय ती,” म्हणाला, “फकस्त फिरत न्हाई.”

झालं. लागला सामान गोळा करायला. आता कुठं काय मिळालं ते ऐका. भिंगारच्या जुन्या बाजारात एका मोडक्या गिटारचा नुसता शेंडा मिळाला, तारा पिळायच्या सहा चाव्यांसकट. लोहचुंबक फुटक्या भोंग्यातलं. ते फोडून त्याचे तुकडे लाकडी चकतीत बसवले आणि त्यावर दुकानातली बारीकातली बारीक तार गुंडाळली. अंगाला गोठ्याच्या दाराची सागवानी फळी. सूर दाबायच्या पट्ट्या म्हणून सायकलचे आरे कापले आणि भजनी मंडळाची पेटी शेजारी ठेवून, कानानं सूर धरत, एकेक ठोकून बसवला. राहिली ती मान. तिला लांब, चिवट लाकूड हवं, वाकता कामा नये. तसलं लाकूड त्याच्या सासऱ्याकडं होतं, पेरणीच्या मोडक्या पाभरीची बाभळीची दांडी.

सासरा म्हणाला, “जावईबापू, उद्या पाऊस आला तर पेरायचं कशानं?”

“मामा, पाऊस आला तर मी नवी करून देतो. मोटारी जळाय लागतील तवा.”

“म्हंजी पावसानं बी तुमचंच ऐकायचं,” असं पुटपुटत म्हाताऱ्यानं दांडी दिली.

तारांचं मात्र त्याला काहीच कोडं पडलं नाही. आमच्या भजनात वीणा धरायचे ते सहादेवबुवा. त्यांच्याकडून त्यानं पितळी तारा आणल्या. बुवा म्हणायचे, लोखंड किंचाळतं, पितळ गोड बोलतं. हे छगननं लहानपणापासून ऐकलेलं, त्यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

गिटार झाली. मारुतीच्या देवळापुढं माइकवाल्यानं बॅटरीवरचं मशीन आणि भोंगा मांडला. मास्तर आले, अर्धं गाव आलं. छगननं तार छेडली. भोंगा नुसता घूं करत राहिला. कान जवळ नेला तर तार हळूच वाजायची, पण भोंग्यातून काही येईना. सगळ्या जोडण्या तपासल्या, बॅटरी बदलली. शेवटी कोणीतरी मागून म्हणालं, “छगन, एकादस हाय का रं आज तुज्या गिटारीची?”

लोक हसत पांगले. मास्तर हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. जाताना छगनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “कोल्हारच्या लग्नाची सुपारी हाय, तिच्या आत काय ते बग. मंग मला नेवाशाला निरोप धाडावा लागंल.”

पुढं काही दिवस ती गिटार घरात कोनाड्याखाली पडून. एका सुट्टीच्या दिवशी बनुबाई अंगणात गोधडी शिवत बसली होती. मी छगनकडं गेलो तर ती सुई शोधतेय. गोधडी झटकली, पदर झटकला. सुई सापडली कुठं, तर गिटारच्या पोटाला चिकटलेली.

“घ्या,” ती म्हणाली. “नवऱ्यानं केलं एवढं, ते माजी सुई चोरायला.”

मग तिनं काय केलं, शेजारचा पितळी तांब्या उचलून गिटारला लावून बघितला. लहान पोरं करतात तसंच.

“ह्यो न्हाई चिकटत,” म्हणाली.

छगन तांब्याकडं बघत राहिला. मग सुईकडं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर मोटारीच्या पोटात हात घालणारा हा माणूस. पितळ चुंबकाला ओळखत नाही, मग पितळी तार हलली तरी चुंबकाला कळणार कसं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण वाद्य म्हटल्यावर त्याला बुवा आठवले, मोटार आठवली नाही.

“काय झालं?” बनुबाईनं विचारलं.

“काय न्हाई. तुजा तांब्या माज्यापरीस शाना हाय.”

लगेच सायकलच्या ब्रेकची केबल उलगडून त्यानं पोलादी धागे काढले. खर्जाच्या तारा जाड हव्यात, म्हणून त्या धाग्यांवर तांब्याची तार गुंडाळली. हात तर त्या कामात बसलेलाच होता. माइकवाल्याला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी गावाला कळवलं नाही. पहिला सूर भोंग्यातून असा निघाला की पलीकडच्या दावणीतली म्हैस उठून उभी राहिली. छगननं दुसरा सूर लगेच वाजवलाच नाही, पहिला पुरता विरेपर्यंत थांबला.

कोल्हारचं लग्न भर मे महिन्यात. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. पुढं आम्ही, मागं बैलगाडीवर बॅटरी आणि भोंगा, गाडीला धरून छगन, अंगात लाल कोट. दोन म्हाताऱ्या वाटेत उभ्या होत्या. एक म्हणाली, “ह्यो फुकीत बी न्हाई, बडवीत बी न्हाई. मंग वाजतंय कसं?” दुसरी म्हणाली, “गाडीत कुनीतरी बसलं आसंल.” आणि तिनं खरंच गाडीत वाकून बघितलं.

प्रवरेचं पात्र नुसतं वाळूचं, ऊन डोक्यावर. निम्म्या वाटेत मास्तरांच्या ओठांची सालं निघाली, ट्रंपेटमधून सूर निघेना. पाणी मागितलं तर टँकर अजून यायचा होता. ते थांबले की बँड थांबणार, आणि बँड थांबला की वऱ्हाड चिडणार. मास्तरांनी वळून छगनकडं बघितलं. छगननं गाण्याचा पुढचा चरण उचलला आणि मारुतीपर्यंत एकट्यानं नेला. ढोल होता, खुळखुळा होता, आणि भोंग्यातून ती पाभरीची दांडी बोलत होती. पोरं नाचत होती ती नाचतच राहिली.

देवळाच्या सावलीत मास्तर टेकले. एका घरातून तांब्याभर पाणी आलं, ते घोट घोट प्याले. तांब्या खाली ठेवून म्हणाले, “छगन, नेवाशाच्या त्या क्लॅरिनेटवाल्याला आता काय सांगू? आनू का नको?”

छगन फडक्यानं तारा पुसत होता. मान वर न करताच म्हणाला, “आना की मास्तर. फुकनाऱ्याला कवातरी दम लागतोच, तवा मी हाय.”